टर्बो आपोआप मरत नाही



सावेडीतून जाणाऱ्या मनमाड रस्त्याच्या कडेला पहाटे घटकाभर उभे राहिले तर कांदा, साखर, सिमेंट आणि एमआयडीसीचा माल वाहणाऱ्या गाड्यांची रांग संपता संपत नाही. त्यातल्या काही गाड्यांच्या काचेवर 'नमो बुद्धाय' आणि मागच्या फाळक्यावर 'जयभीम' लिहिलेले दिसते. ते वाचून आमची छाती फुगते. कालपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून राबणारा माणूस आज स्वतःच्या नावाची गाडी चालवतो, ही लहान गोष्ट नाही. पण कागदावर नाव आपले असले तरी हप्ता फायनान्सवाल्याचा असतो. गाडी आठ दिवस उभी राहिली की घरातले रेशन, मुलांच्या क्लासची फी आणि हप्ता यांची ओढाताण सुरू होते. म्हणून या वेळी टर्बोचा विषय घेतला आहे. भगिनींनी 'हे पुरुषांचे काम' म्हणून पान उलटू नये. गाडीचा खर्च शेवटी घरखर्चातूनच जातो, आणि पुढे सांगितलेले बरेचसे काम तुमच्या अंगणातच होणार आहे.

तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : "गाडी ओढत नाही." भरलेली गाडी पाथर्डीच्या रस्त्याने करंजी घाटात शिरली की एकामागून एक गिअर खाली घ्यावा लागतो, मागे काळा धूर निघतो, डिझेल जास्त जाते. गॅरेजला नेली की उत्तरही एका वाक्यात मिळते : "टर्बो गेला." मग उसनवारी करून जुन्या बाजारातला टर्बो आणायचा, बसवायचा, आणि महिना-दोन महिन्यांत तोही गेला की कपाळाला हात लावायचा. त्यानंतर घरात बोलणे सुरू होते, गाडीला कुणाची तरी नजर लागली. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची येते, मागे काळी बाहुली येते. फाळक्यावर 'जयभीम' आणि बंपरला लिंबू-मिरची, अशी गाडी आम्ही या रस्त्यावर पाहिलेली आहे. हसू येत नाही, वाईट वाटते.

आपण भगवान बुद्धांना मानणारी माणसे. कारणावाचून काही घडत नाही, हे आपल्या धम्माचे मूळ सांगणे. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द विहारात ऐकायचा आणि केबिन उचलली की विसरायचा, हे बरोबर नाही. टर्बो आपोआप मरत नाही. घाण किंवा अपुरे ऑईल, फिल्टरमधून आत शिरलेली धूळ, इंजिनातून सुटून आलेला तुकडा, किंवा गरम इंजिन एकदम बंद करण्याची सवय, यांपैकी काहीतरी त्याला मारते. ते कारण जागेवर तसेच ठेवून दुसरा टर्बो बसवला तर दुसराही जाणारच. तेव्हा आजच्या लेखात साफसफाई आणि बसवणी सांगायची आहेच, पण त्याआधी कारण कसे शोधायचे ते सांगायचे आहे.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका पंख्याला फिरवतो, त्याबरोबर दुसऱ्या टोकाचा पंखा फिरतो आणि फिल्टरमधून आलेली हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल नीट जळते आणि ताकद वाढते. जो धूर वाया जात होता त्यालाच कामाला लावण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांच्या मोठ्या इंजिनांवर आली, ट्रकवर १९३८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्येच आली. आपल्याकडे टाटाच्या १६१३ सारख्या गाड्यांवर 'टीसी' ही अक्षरे दिसू लागली, ती टर्बोचार्ज्डची. पुढे 'टीसीआयसी' आले, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलरही आला. २००० सालानंतर धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, आणि आता बिनटर्बोचा नवा ट्रक शोधून सापडायचा नाही.

या वस्तूचा वेग समजून घेतला की बाकी सगळे आपोआप पटते. इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मारते, तेव्हा टर्बोचा दांडा लाखाच्या घरात फेरे मारत असतो. धुराच्या बाजूचा पंखा ६०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या वायूत फिरतो. दांड्याला बॉल बेअरिंगही बहुतेक गाड्यांत नसते. तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणजे ऑईल हेच त्याचे बेअरिंग. ते क्षणभर मिळाले नाही किंवा त्यात कचरा आला, की दांडा धातूवर घासला जातो. आणि एवढ्या वेगात पंख्याच्या एका पात्याला ओरखडा पडला तरी तोल बिघडतो. कारखान्यात हा तोल फार बारीक मापाने सांभाळलेला असतो. म्हणून टर्बोच्या बाबतीत घरी करण्याची कामे वेगळी आणि मशिनवाल्याकडेच करण्याची कामे वेगळी.

घरी काय करावे? टर्बो उतरवणे, दोन्ही बाजूंची कवचे साफ करणे, ऑईलचे पाईप साफ करणे किंवा बदलणे, नवी पॅकिंग घालून परत बसवणे. काय करू नये? मधला गाभा, ज्याला मिस्त्री लोक कोअर म्हणतात, तो खोलणे. दांडा, बेअरिंग, सील यांना हात लावायचा नाही. तसेच गाडी वॉरंटीत असेल तर पाना लावू नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांवर टर्बोला बहुधा इलेक्ट्रॉनिक ॲक्चुएटर आणि सेन्सर असतात, त्यांची जुळणी कॉम्प्युटरवर करावी लागते. त्या गाड्यांचा टर्बो अंगणात उतरवू नये. हा लेख जुन्या, साध्या टर्बोच्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्या बहुतेक चालक-मालकांच्या गाड्या त्याच आहेत.

आता कारण शोधू. पाना हातात घेण्याआधी अर्धा तास डोळे आणि कान वापरावेत.

पहिल्यांदा एअर फिल्टर काढून पाहा. नगर भागातली धूळ, त्यात खडी आणि वाळूच्या भरायला जाणाऱ्या गाड्या, यांचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकातील किलोमीटरची वाट पाहत नाही. फिल्टर तुंबला तर टर्बोला हवा ओढताना त्रास होतो, आणि त्या ओढीने सीलमधून ऑईल पुढच्या बाजूला येते. गाडीवाला पाईप काढतो, आत ऑईल दिसते, मिस्त्री म्हणतो सील गेले. टर्बो निर्दोष असतो, आणि स्वस्तातला फिल्टर बदलायचा सोडून हजारोंचा टर्बो भंगारात जातो.

दुसरे, टर्बोपासून इंटरकूलर आणि इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा. होज चिरला किंवा क्लिप सैल झाली तर दाबलेली हवा बाहेर पडते, गाडी ओढत नाही, काळा धूर येतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. साबणाचे पाणी जोडांवर टाकावे, कुणीतरी केबिनमधून इंजिन थोडे रेस करावे, बुडबुडे दिसले की जागा सापडली. हात, ओढणी, पदर, सैल बाही, काहीही पंख्याच्या किंवा पट्ट्याच्या जवळ जाऊ देऊ नये. इंजिनाच्या जवळ मुले नकोत, हे आम्ही प्रत्येक लेखात लिहितो आणि प्रत्येक लेखात लिहिणार.

तिसरे, ऑईल परत जाण्याची वाट. टर्बोत ऑईल बारीक पाईपने दाबाने येते, पण खाली चेंबरमध्ये जाते ते नुसत्या उताराने, जाड पाईपमधून. हा पाईप चेपला, वाकला किंवा आतून गाळाने भरला, तर ऑईल साचते आणि दोन्ही बाजूंच्या सीलमधून बाहेर येते. इंजिनाचा ब्रीदर तुंबला किंवा पिस्टन-रिंग झिजून चेंबरमध्ये वाफ जास्त झाली, तरी हेच घडते. ऑईल भरायचे झाकण इंजिन चालू असताना काढून पाहावे. त्यातून भसाभसा धूर येत असेल तर दुखणे खाली इंजिनात आहे, टर्बो बदलून ते बरे होणार नाही.

मिस्त्री सांगतो म्हणून मानू नये, आम्ही लिहितो म्हणूनही मानू नये. पाईप काढावा, बोट घालावे, डोळ्यांनी पाहावे. कालामांना भगवंतांनी सांगितलेली रीत गॅरेजलाही लागू पडते. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. उलट तो स्वतःहून जुना भाग हातात देतो आणि कुठे बिघडला ते दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

एवढे पाहूनही टर्बो उतरवायचाच ठरला, तर आदल्या संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर मॅनिफोल्डच्या नटांवर गंज सोडवणारे ऑईल सोडून ठेवावे. हे नट वर्षानुवर्षे तापून-गार होऊन जाम झालेले असतात. सकाळी जोर करून पाना मारला की स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड काढण्याचे काम महाग पडते. नट घट्ट वाटला तर थोडा सोडावा, थोडा आवळावा, परत ऑईल सोडावे. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांच्या पुढे-मागे दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. जागा शक्यतो धूळ न उडणारी निवडावी. सावेडीत घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी उभी करतात, तिथे आधी पाणी शिंपडून घ्यावे. वारा सुटला असेल तर काम उद्यावर टाकावे. उतरवण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत, आणि कवचे मधल्या भागावर कोणत्या कोनात बसली आहेत याची खूण खडूने नव्हे, टोकदार खिळ्याने ओरखडून करावी. खडूची खूण डिझेलने पुसली जाते. नट-बोल्ट जेवणाच्या जुन्या ताटात, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. मोजून ठेवावेत. टर्बो निघाला की मॅनिफोल्डचे तोंड, हवेच्या पाईपचे तोंड आणि ऑईलची भोके लगेच स्वच्छ कापडाने बंद करावीत. कापड लाल किंवा पिवळे घ्यावे, म्हणजे बसवताना आत राहिले तर दिसते. मॅनिफोल्डमध्ये पडलेला एक वॉशर नव्या टर्बोचा पहिल्याच मिनिटाला चुरा करू शकतो. टर्बो उचलताना ॲक्चुएटरच्या दांडीला धरू नये. ती वाकली की टर्बोचा दाब बदलतो.

आता टर्बो ताटाशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला आहे. इथे घाई करू नये, कारण सगळी हकिकत या दोन पंख्यांवर लिहिलेली असते.

हवेच्या बाजूचा पंखा ॲल्युमिनियमचा, चकचकीत. त्याच्या पात्यांच्या कडा झिजून पत्र्यासारख्या पातळ झाल्या असतील, तर धूळ आत येत होती. फिल्टरच्या मागचा पाईप फाटला आहे किंवा फिल्टर बसवताना त्याचे रबर नीट बसले नाही. कडा ठोकल्यासारख्या चेपल्या किंवा तुटल्या असतील, तर एखादा नट किंवा क्लिपचा तुकडा आत गेला. धुराच्या बाजूचा पंखा ठोकलेला दिसला, तर तो तुकडा इंजिनातून आला. व्हॉल्व्ह, रिंग किंवा इंजेक्टरचे टोक तपासल्याशिवाय टर्बो बसवू नये, बसवला तर पैसे गटारात. दांडा निळसर-काळा पडला असेल, तर त्याला ऑईल पुरले नाही. आणि खालच्या भोकात बोट घातल्यावर कोळशासारखा कडक थर लागला, तर इंजिन तापलेले असताना एकदम बंद करण्याची सवय आहे. घाट चढून धाब्यावर गाडी थांबवली आणि लगेच किल्ली फिरवली, की ऑईलचा दाब जातो, पण पंखा अजून तापलेलाच असतो. आत उरलेले ऑईल जळून कोळसा होते. दोन-तीन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करावे. हे फुकटचे औषध आहे, आणि तरीही बहुतेक चालक ते घेत नाहीत. भूक लागलेली असते, हे आम्हाला समजते.

दांडा हाताने फिरवून पाहावा. आवाज न करता, न अडकता फिरला पाहिजे. बाजूला हलवला तर किंचित हलतो. ऑईलचा थर नसताना तेवढे हलणे स्वाभाविक आहे, त्यावरून घाबरवणाऱ्याचे ऐकू नये. मात्र दाबून फिरवताना पाते कवचाला घासले, किंवा दांडा पुढे-मागे ओढल्यावर हाताला स्पष्ट जाणवेल इतका सरकला, तर कोअर गेला. पुढे-मागेचे माप साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपासचे असते, ते बोटाला कळत नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तो डायल गेजने मोजून देणारे मशिनवाले नगरमध्ये आहेत. कोअर गेलाच असेल तर साफ करत बसू नये. तोल तपासून देणाऱ्याकडूनच दुरुस्त करावा, आणि बिलावर ते लिहून घ्यावे.

सुटला असेल, तर साफसफाई. मधला गाभा बादलीत बुडवू नये. डिझेलबरोबर काजळी बेअरिंगमध्ये शिरते. ऑईलची भोके बुचांनी बंद करून तो उभा ठेवावा आणि मऊ ब्रशने, डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने बाहेरूनच पुसावा. पंख्यांवर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चाकू, यांपैकी काहीही लावू नये. धुराच्या बाजूचे बिडाचे कवच वेगळे काढले असेल तर तेवढे मात्र तारेच्या ब्रशने घासता येते. हवेच्या बाजूचे ॲल्युमिनियमचे कवच साबणाचे कोमट पाणी किंवा डिझेल यांनी धुवावे. काही ठिकाणी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकतात. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, वर फेस येतो तो त्याचाच, आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. पेट्रोलने धुणेही नको. घरात गॅसची शेगडी आणि एखाद्याच्या हातात विडी असते. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने पंखा गरगर फिरवून पाहण्याची पोरांना फार हौस असते. ऑईल नसताना तो त्या हवेने भलत्याच वेगाने फिरतो आणि चांगला टर्बो तिथेच खराब होतो.

ऑईल आणणारा बारीक पाईप शक्यतो नवा घ्यावा. आतला कोळसा बाहेरून दिसत नाही, आणि टर्बो वाचवून पाईपचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. बँजो बोल्टचे भोक तारेने मोकळे करून फुंकावे. तांब्याचे वॉशर आणि सगळी पॅकिंग नवी. ऑईलच्या जोडांना सिलिकॉनचा लगदा लावू नये. त्याचा एक तुकडा सुटून भोकात बसला की पुन्हा तीच कथा.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. काम संपल्यावर हात कोपरापर्यंत काळे होतात. आपल्या आजोबा-पणजोबांचेही हात घाणीत होते, पण ती घाण गावाने त्यांच्यावर लादलेली होती, आणि साबणाने ती जात नव्हती. हा काळेपणा आपण निवडलेल्या कसबाचा आहे, आणि तो अर्ध्या तासात धुतला जातो. डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, त्यात आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्राचे शिक्षण मिळावे ही मागणी होती. वकील आणि साहेब व्हावे इतकेच त्यांना अभिप्रेत नव्हते. लूना बनवणारा कायनेटिकचा कारखाना ज्या गावात झाला, लष्कराच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ज्या गावात आहे, त्या गावातल्या आपल्या मुलींनी गाडीखालून निघणाऱ्या वस्तूला घाबरू नये. गाडीचे पुस्तक इंग्रजीत असते. वडिलांना ते वाचता येत नसेल तर मुलीने वाचावे, आकडे वहीत लिहावेत, आणि पाना किती आवळायचा ते वडिलांना सांगावे. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे. त्यात मुलींना प्रवेश आहे, लोक काय म्हणतील एवढाच अडथळा आहे.

आता बसवणी. इंजिनचे ऑईल आणि ऑईल फिल्टर आधी बदलावे. घाण ऑईलवर साफ टर्बो बसवणे म्हणजे धुतलेले लुगडे चिखलात वाळत घालणे. कवचे खुणेला खूण लावून बसवावीत. मॅनिफोल्डची पॅकिंग, मग नट, समोरासमोरचे आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत, शेवटचा जोर टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. ऑईल परतीच्या पाईपची पॅकिंग उलटी बसली तर भोक अर्धे झाकते, ते पाहून घ्यावे. ऑईल येण्याच्या भोकातून टर्बोत स्वच्छ ऑईल ओतून पंखा हाताने फिरवावा, म्हणजे बेअरिंग ओले होते. त्यानंतर वरचा पाईप जोडावा. कापडाचे सगळे बोळे बाहेर आले का, ताटातला एखादा नट उरला का, हे दोन माणसांनी मोजावे.

स्टार्टर मारताना आधी डिझेल बंद ठेवावे. जुन्या गाडीत इंजिन बंद करण्याची केबल ओढून धरावी आणि दहा-दहा सेकंद इंजिन नुसते फिरवावे, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी, जोवर ऑईलच्या काट्यावर दाब दिसत नाही तोवर. मग चालू करावे. तीन-चार मिनिटे सावकाश चालू द्यावे, रेस करू नये. टर्बो बसला की लगेच रेस करून शिट्टी ऐकण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच नवे टर्बो मरतात. जोडांवर हात न लावता टॉर्चने पाहावे, कुठे ऑईल ठिबकते का. हवेचा पाईप काढलेला असताना इंजिन कधीही चालू करू नये. तो पंखा बोट कापतो, आणि बोट गेल्याचे कळायच्या आत जाते.

आणखी एक धोका प्रत्येक चालकाच्या घरात माहीत असला पाहिजे. टर्बोच्या सीलमधून ऑईल फार आत जाऊ लागले, तर डिझेल इंजिन ते ऑईलच इंधन म्हणून जाळू लागते. किल्ली काढली तरी बंद होत नाही, आपोआप रेस वाढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो. अशा वेळी त्याची हवा बंद करावी लागते. हवा ओढणाऱ्या पाईपच्या तोंडावर लाकडाची फळी घट्ट दाबावी. हाताने किंवा सैल कापडाने दाबू नये, ते आत ओढले जाते. चालक केबिनमध्ये असेल आणि ब्रेकला हवा असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. दोन्ही जमत नसेल तर माणसांनी गाडीपासून लांब जावे. इंजिन परत मिळते. म्हणूनच पाईपमध्ये ऑईल दिसू लागल्यावर 'पुढच्या फेरीनंतर बघू' म्हणू नये. काम चालू असताना ती फळी गाडीशेजारी तयार ठेवावी.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, गाडी गार झाल्यावर, सगळ्या होजच्या क्लिपा आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा तपासावेत. तापून-गार झाल्यावर ते थोडे सैल होतात. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला काम केले, कारण काय सापडले, कोणते ऑईल घातले, हे वहीत लिहावे. गाडी विकताना ही वही दाखवली तर घेणारा दोन पैसे जास्त देतो.

उरलेल्या घाणीचेही बोलू. जुने ऑईल नालीत ओतू नये, चुलीत जाळू नये, जनावराच्या जखमेला किंवा मुलाच्या डोक्याला तर मुळीच लावू नये. वापरलेल्या ऑईलमध्ये कातडीचा कॅन्सर करणारे पदार्थ असतात. ते डब्यात भरून, झाकण लावून, जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे. काम करताना रबरी हातमोजे घालावेत. न घातल्यास आधी हाताला खोबरेल किंवा खायचे तेल चोळून काळे सोडवावे, मग साबण. डिझेल आणि धुण्याची पावडर यांनी हात धुण्याची पद्धत सगळ्या गॅरेजांत आहे, त्याने कातडी फाटते आणि फटीत ऑईल शिरते. ते कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, धुवायला टाकू नयेत.

पुढच्या वेळी एअर ब्रेकच्या टाकीत साचणाऱ्या पाण्याविषयी लिहू.